बिवा सरोवरातला लाकडी मासा

गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून ओढ्याकाठी बसणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. पण गळाला चांगला वीतभर लांबीचा, शंभर ग्रॅमांहून जड असा लाकडी मासा बांधून मासे धरणारे शौकीन पाहायचे असतील, तर आपल्याला जपानात जावे लागेल. क्योतो शहरातून आगगाडीत बसले की दहाएक मिनिटांत ओत्सू येते आणि समोर बिवा सरोवर पसरलेले दिसते. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. जपानातले हे सर्वांत मोठे सरोवर. पश्चिमेला हिरा डोंगरांची रांग आणि काठाकाठाने भाताची खाचरे. क्योतो-ओसाका भागातील एक कोटीहून अधिक लोक याच पाण्यावर जगतात.

इथल्या शौकिनांना हवा असतो तो बॅस नावाचा मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. त्याच्यासाठीच्या त्या खोट्या माशाला ‘हार्ड स्विमबेट’ म्हणतात. लाकडाचे किंवा कडक प्लॅस्टिकचे अंग, मधे सांधे, पोटाखाली गळ. एकच सांधा असेल तर ओढताना तो डावीकडे-उजवीकडे ऐटीत झुलतो. तीन-चार सांधे असतील तर खऱ्या माशासारखा वळवळतो. सरोवराचा दक्षिण भाग उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेला आहे, तिथे तरंगणारा किंवा अगदी सावकाश बुडणारा मासा घ्यावा, म्हणजे तो गवतात अडकत नाही. उत्तर भाग खोल आणि नितळ, तिथे खोल जाणारा चालतो. थंडीत पाणी गार झाले की बॅस सुस्तावतो, तेव्हा ओढही सावकाश हवी.

आता रंगाचे पाहू. दुकानात गेले की शेकडो रंग मांडलेले असतात आणि नवखा माणूस आपल्या डोळ्यांना आवडेल तो उचलतो. खरे म्हणजे निवड माशाच्या डोळ्यांनी आणि पोटाने करायची असते. पाणी नितळ असेल तर खऱ्या माशाशी मिळताजुळता, मवाळ रंग घ्यावा, कारण बॅसला तो निरखायला वेळ मिळतो. पाणी गढूळ असेल तर उठून दिसणारा पांढरा किंवा गडद काळा. पहाटे व तिन्हीसांजेला रंगापेक्षा आकृती दिसते, म्हणून गडद बरा. लख्ख उन्हात चंदेरी खवले चमकतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की बॅसला तांबडा व हिरवा रंग चांगला ओळखू येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत त्याचा घोटाळा होतो. म्हणजे त्या जोड्यांपैकी दोन्ही विकत घेण्यात पैसा फुकट!

पण सर्वांत मोठा नियम एकच. त्या पाण्यातला बॅस जे खातो, तोच रंग. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात जलाशयांत सरकारी हॅचरीतले ट्राउट मासे सोडतात, मोठे बॅस त्यांच्यावर पोसतात, म्हणून तिथले खोटे मासे ट्राउटसारखे, पाठीला हिरवट आणि कुशीला गुलाबी पट्ट्याचे. बिवाकाठी भाद्रपद-आश्विनात आयू नावाचे लांबट, चंदेरी मासे अंडी घालायला ओढ्यांच्या मुखाशी जमतात, तेव्हा तसाच खोटा मासा उपयोगी पडतो. आणि एरवी ब्लूगिलचा रंग, म्हणजे आडव्या चपट्या अंगावर गडद उभे पट्टे. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी याच सरोवरात १०.१२ किलोचा बॅस धरला आणि अमेरिकेतील जॉर्ज पेरी यांच्या १९३२ सालच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्यांच्या गळाला होता जिवंत ब्लूगिल! रंग देणाऱ्याने काय रंगवावे, हे त्या एका माशाने सांगून टाकले.

मंडळी, इथेच खरी गोष्ट सुरू होते. बॅस जपानचा नव्हे. १९२५ साली तो कॅलिफोर्नियाहून आशी सरोवरात आणला गेला आणि १९७४ साली बिवात आढळला. ब्लूगिलही तिथला नव्हे. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तो तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिला. संशोधनासाठी पुढे दिलेला तो मासा पाण्यापाण्यांत पसरला. २००७ साली ओत्सू येथे सम्राट म्हणून बोलताना अकिहितोंनी त्याबद्दल मनाला यातना होत असल्याचे सांगितले. म्हणजे पाहुण्याला धरायला पाहुण्याचाच रंग! घरचा निगोरोबुना मासा, ज्याला भातात मुरवून तिथल्या आयाबहिणी फुनाझुशी करतात, तो मात्र फार घटला. त्याची पिल्ले परक्या माशांनी खाल्ली. शिवाय काठची वेतासारखी वाढणारी बोरूची बने तोडली गेली, आणि खाचरे सपाट करताना चारी खोल झाल्याने त्याची शेतात चढण्याची वाटच तुटली.

आपल्या कोकणात आणि मावळात पहिल्या पावसात चढणीचे मासे खाचरात येतात ना, तसाच हा निगोरोबुना भातात अंडी घालतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी चारीत फळ्या बसवून पाण्याच्या पायऱ्या केल्या. मासा पायरी-पायरीने वर येतो, पिल्ले खाचरात परक्यांच्या तोंडापासून सुरक्षित वाढतात आणि पाणी सोडले की सरोवरात जातात. तणनाशकही माशांना कमीत कमी अपायकारक असेच वापरायचे, असा नियम आहे. असा तांदूळ ‘माशांच्या पाळण्याचा तांदूळ’ म्हणून विकला जातो. सरोवर आणि शेती यांची ही सांगड २०२२ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्य केली. शिगा प्रांतात तर २००३ पासून धरलेला बॅस किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. काठावर तो टाकायला खास पेट्या ठेवल्या आहेत.

१९५२ साली भारतात आणलेली चिलापी आज उजनीच्या जाळ्यांत किती सापडते, हे भीमाकाठच्या वाचकांना सांगायला नको. थाई मांगूर पाळण्यास तर आपल्याकडे बंदीच आहे. तेव्हा शेततळ्यात बीज सोडताना ते कोणते, कुठले, हे मत्स्य खात्याकडे विचारून घ्यावे आणि पावसाळ्यात तळे ओढ्याला मिळणार नाही अशी जाळी सांडव्यावर बसवावी. लाकडी माशाचा रंग चुकला तर दुसरा घेता येतो. पाण्यात सोडलेला जिवंत मासा मात्र परत बोलावता येत नाही.