मॅक्रोने नेमकी कुणाला हाक मारली?

पैशांचे व्यवहार एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पाठवणारी आमची प्रणाली रस्टमध्ये आहे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ असं सगळं बाइट्समध्ये बदलणारा कोड प्रत्येक स्ट्रक्टसाठी हाताने लिहीत बसणं परवडत नाही. ते काम एका डिराइव्ह मॅक्रोवर सोपवलेलं आहे. स्ट्रक्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की बाकीचा कोड कंपाइल होताना आपोआप तयार होतो.

एके दिवशी चाचणीच्या सर्व्हरवर पलीकडे भलत्याच रकमा दिसू लागल्या. कंपाइलरने एरर सोडाच, साधी वॉर्निंगही दिली नव्हती. मॅक्रोला कुणी हात लावला नव्हता, व्यवहाराच्या स्ट्रक्टलाही नाही. मी पाठवलेले बाइट्स उघडून पाहिले. १२५.५० रुपयांसाठी तिथे १२५५० पैसे हा आकडा आठ बाइट्समध्ये असायला हवा होता. प्रत्यक्षात टिंबासकट '१२५.५०' हा सहा बाइट्सचा मजकूर होता. वाचणारा प्रोग्राम ठरल्याप्रमाणे आठ बाइट्स उचलायचा, म्हणजे पुढच्या फील्डचे दोन बाइट्सही रकमेतच जायचे.

मग 'कार्गो एक्स्पांड' चालवून मॅक्रोने तयार केलेला कोड वाचायला घेतला. रकमेच्या फील्डवर टिंब देऊन 'एन्कोड' ही मेथड बोलावलेली होती. मॅक्रोला अपेक्षित होती ती आमच्या ट्रेटमधली 'एन्कोड'. पण एका सहकाऱ्याने रकमेच्या टाइपवर पावती छापण्यासाठी त्याच नावाची नवी मेथड लिहिली होती, आणि तीही बाइट्सच परत करत होती. टाइपची स्वतःची मेथड आणि ट्रेटमधली मेथड सारख्याच पात्र असतील, तर रस्ट टाइपच्या मेथडला पसंती देतो. सहकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मॅक्रोच्या पोटात कोणती नावं वापरली आहेत, हे त्याला दिसणार तरी कुठून?

एकाच टाइपवर एका नावाच्या दोन मेथड आल्या तर कंपाइलर ई०५९२ देऊन अडवतो. दोन ट्रेटमध्ये संदिग्धता झाली तर ई००३४ देतो. आमच्यासारख्या प्रसंगात मात्र तो गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने काहीच वावगं नसतं. मॅक्रोमधली नावं बाहेरच्या नावांशी भिडू नयेत यासाठी कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसेन आणि डूबा यांनी १९८६ मध्येच 'हायजिनिक' मॅक्रोची पद्धत मांडली होती. रस्टमध्ये 'मॅक्रो रूल्स'मधल्या स्थानिक व्हेरिएबल्सना ते संरक्षण मिळतं, मेथडच्या नावांना मिळत नाही.

उपाय एका ओळीचा होता. एका घरात दोन सुरेश असतील तर पूर्ण नावाने हाक मारावी, तसं मॅक्रोत क्रेट, ट्रेट आणि मेथड असा पूर्ण मार्ग लिहायचा. रस्टचं स्वतःचं 'डिराइव्ह क्लोन'ही असाच पूर्ण मार्ग लिहितं. सोबत आम्ही एक कायमची टेस्ट जोडली. तिच्यातल्या टाइपवर मुद्दाम त्याच नावाची, चुकीचं उत्तर देणारी मेथड आहे.

मॅक्रो लिहिणाऱ्याला आपला कोड उद्या कुणाच्या शेजारी जाऊन पडेल हे माहीत नसतं. त्यामुळे जबाबदारी त्याचीच आहे, वापरणाऱ्याची नाही. तुम्ही मॅक्रो लिहीत असाल तर तो एकदा एक्स्पांड करून वाचा, आणि ट्रेटची मेथड जिथे नुसत्या टिंबाने बोलावली असेल तिथे पूर्ण मार्ग लिहा.