लिंबूटिंबूची शर्यत

आमच्या गल्लीत डबा ऐसपैस रंगात आला की कुणाचा तरी धाकटा भाऊ हमखास रडत यायचा, ‘मला पण घ्या.’ घ्यावंच लागायचं, कारण त्याची आई खिडकीत उभी असायची. मग तो लिंबूटिंबू. त्याने पळायचं, लपायचं, ओरडायचं; सापडला तरी त्याच्यावर राज्य मात्र यायचं नाही. पोरगं खूश आणि खेळही मोडत नाही. गंमत एवढीच की चार-सहा दिवसांत त्याला कळायचंच, आपण सापडलो तरी कुणाला काही फरक पडत नाही. मग तो जास्तच रडायचा.

गेली चौदा वर्षं मी पुण्यात व्हिडिओ गेम डिझाइन करते. त्यातली निम्मी वर्षं कार्ट रेसिंगमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या धमाल शर्यतींच्या गेममध्ये गेली. हे काम नेमकं काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे कळू न देता शेवटपर्यंत खेळात ठेवायचं. आणि हे काम जगात सगळ्यात चांगलं ज्यांना जमलं, त्यांच्या पुढच्या भागाची मी अकरा वर्षं वाट पाहिली. ‘मारिओ कार्ट’चा आठवा भाग मे २०१४ मध्ये आला. त्यानंतरचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला ५ जून २०२५ ला. मधे २०१९ मध्ये फोनवरचा ‘मारिओ कार्ट टूर’ येऊन गेला, पण तो मी या वाटेत धरत नाही.

या मालिकेचा जन्मच मुळी दोघांनी शेजारी बसून खेळता यावं म्हणून झाला. निन्टेंडोचा १९९० चा ‘एफ-झीरो’ हा भन्नाट वेगाचा गेम एकट्याने खेळायचा होता. तसंच काही दोघांना एकाच टीव्हीवर खेळता येईल का, हे करून बघायला ती मंडळी बसली. पडद्याचे दोन भाग केल्यावर ‘एफ-झीरो’सारखे लांबलचक, सरळ, वेगवान ट्रॅक निन्टेंडोच्या तेव्हाच्या यंत्राला पेलेनात. ट्रॅक आटोपशीर करावे लागले, वळणं वाढली, वेग उतरला. अशा रस्त्यावर शोभेल अशी गाडी कोणती? गो-कार्ट. गाडीत आधी ओव्हरऑल घातलेला एक साधा माणूस बसवला होता, मारिओ नंतर आला. २७ ऑगस्ट १९९२ ला ‘सुपर मारिओ कार्ट’ जपानच्या बाजारात आला, तेव्हा त्यातली जमीन म्हणजे खरं तर एक सपाट चित्र होतं. सतरंजी जमिनीवर पसरून तिचं एक टोक धरून फिरवावी, तसं ते चित्र गाडीखाली फिरायचं. यंत्राच्या अडचणीतून एवढं देखणं काही निघालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमच्या घरी तेव्हा टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेट होत्या, फुंकर मारून लावायच्या. ‘मारिओ कार्ट’ माझ्यापर्यंत पोचला तो कॉलेजात, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. तोवर त्यात ब्लू शेलही येऊन गेलं होतं. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये ते पहिल्यांदा आलं. मागचा खेळाडू कासवाचं निळं कवच सोडतो आणि ते सगळ्यांना ओलांडून थेट पहिल्या नंबरावर जाऊन फुटतं. पहिल्या नंबरावर असणाऱ्या प्रत्येकाला ते अन्यायाचं वाटतं. मला विचाराल तर या खेळाचा जीव त्याच्यात आहे.

रस्त्यातल्या पेट्यांमधून कुणाला काय मिळावं, याचा एक तक्ता असतो. पुढच्याला केळ्याचं साल किंवा नाणं. मागच्याला वेग वाढवणारे मश्रूम, वीज, किंवा गाडीलाच गोळा बनवून दहा जणांना मागे टाकणारं बुलेट बिल. आठव्या भागात हे वाटप नुसत्या नंबरावर होत नाही, पहिल्यापासून आपण किती अंतर मागे आहोत यावर होतं. हा बदल वाचायला किरकोळ वाटेल. पण सातव्या नंबरावर असूनही पहिल्याच्या पाठीला चिकटलेला खेळाडू आणि सातव्याच नंबरावर अर्धा ट्रॅक मागे राहिलेला खेळाडू, या दोघांची गरज एक नसते, हे त्या तक्त्याला कळतं.

असाच तक्ता आम्ही केला तेव्हा एक आकडा चुकला. मागच्यांना आम्ही जरा जास्तच दिलं. चाचणीला आलेल्या दहा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्याच शर्यतीत सुरुवातीला गाडी चक्क थांबवून ठेवली. सगळे पुढे गेल्यावर त्याने पेटी फोडली, हवं ते मिळवलं आणि शेवटच्या फेरीत सगळ्यांना ओलांडून जिंकला. मी त्याला विचारलं, ‘अरे, थांबलास का?’ तो म्हणाला, ‘मागे राहिलं की जिंकता येतं ना!’ त्या एका आकड्यावर आम्ही दोन आठवडे घालवले. आधार द्यायचा, पण मागे राहणं हीच हुशारी होऊ द्यायची नाही. सगळी कसरत या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे.

‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ २०१७ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आला, त्यात स्मार्ट स्टिअरिंग होतं. ते चालू केलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते आणि गाडी रस्त्याबाहेर जात नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. काही आडवाटा घेता येत नाहीत, आणि वळणावर गाडी घसरवत नेलेल्या लांब ड्रिफ्टच्या शेवटी चाकाखालून निघणारी गुलाबी ठिणगी, म्हणजे वेगाचा सगळ्यात मोठा झटका, मिळत नाही. माझ्या भावाने सिएटलहून आणलेल्या स्विचवर माझी आत्या हेच चालू करून खेळते. कंट्रोलर अर्धा असला तरी ती दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि वळण आलं की अख्खी डावीकडे झुकते. चाचणीच्या वेळी मी पडद्यापेक्षा लोकांच्या खांद्यांकडेच बघते. खांदे झुकले की खेळ जमला. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आत्या बाराव्या नंबरावरून बुलेट बिल घेऊन चौथी आली. माझ्या भाच्याने तिला मिठी मारली, ती स्वतः खाली मान घालून लाडवाने चिकट झालेलं बटण पदराने पुसत होती.

तर वाट. पुढचा भाग यायला इतका उशीर झाला त्याचं एक कारण उघड आहे, आधीचा भाग जुनाच होईना. ‘डिलक्स’ साडेसहा कोटींहून अधिक विकला गेला. २०२२ आणि २०२३ मध्ये सहा हप्त्यांत ४८ ट्रॅक वाढवून एकूण ९६ केले. जे पूर्णत्वाला पोचलंय त्याचा पुढचा भाग काढायचा तरी कसा? निर्मात्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की नव्या गेमचा विचार २०१७ पासूनच चालू होता आणि सुटे ट्रॅक सोडून सगळे एकाच मोठ्या जगात जोडायचे असं ठरत गेलं. ते जग जुन्या स्विचवर नीट बसेना, म्हणून गेम नव्या यंत्रावर न्यावा लागला.

१६ जानेवारी २०२५ ला त्या नव्या यंत्राची ओळख करून देणारा दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यात शर्यत दिसली ती काही सेकंद. ऑफिसात आम्ही पाच जणांनी तो थांबवून थांबवून पाहिला आणि सुरुवातीच्या रेषेवरचे चौकोन मोजले. चोवीस! आजवर जास्तीत जास्त बारा होते. त्या रात्री मला झोप आली नाही. बारांच्या गर्दीत मधल्यांना किती मार बसतो हे मला माहीत होतं. चोवीस म्हणजे रस्ते रुंद हवेत, आणि रस्ते रुंद झाले की वळणांची धार जाते. २ एप्रिलला संध्याकाळी साडेसहाला पूर्ण सादरीकरण झालं, तोवर अडीच महिने मी वहीत नुसत्या रुंदीच्या रेघा मारत होते.

गेम आला, आम्ही आयात केलेला संच घेतला आणि जूनपासून खेळतोय. रस्ते खरंच रुंद आहेत. दोन ट्रॅकमधल्या जोडरस्त्यांवर मला अजूनही कंटाळा येतो, तिथे वळणं कमी पडतात. पण रेलिंगवरून घसरत जाणं, भिंतीवरून गाडी पळवणं यात हात बसला की काय आनंद मिळतो! आणि ‘नॉकआउट टूर’. चोवीस जण निघतात, प्रत्येक टप्प्यावर शेवटचे चार बाद. वीस, सोळा, बारा, आठ, चार. छातीत धडधडतं. गेल्या कित्येक वर्षांत कार्टच्या खेळात मला इतकं गुंतवून ठेवणारं काही आलेलं नाही. पण हाच प्रकार या मालिकेच्या मूळ स्वभावाच्या उलट जातो. बत्तीस वर्षं जो खेळ मागच्याला उचलून पुढे आणत होता, तो इथे मागच्याला घरी पाठवतो. आत्या पहिल्याच टप्प्यावर बाद होईल आणि उरलेली शर्यत नुसती बघत बसेल. तिच्यासाठी जुनी तीन फेऱ्यांची शर्यत आहे, हे मला माहीत आहे. तरी पुढचा भाग कधी निघेल तेव्हा बाद झालेल्याच्या हातातही काहीतरी असावं, एवढं माझं मागणं आहे. बाहेर बसून निदान एखादं केळ्याचं साल तरी टाकता यावं.

यंदा भाऊ नवा स्विच घेऊन वसुबारसेलाच येतोय. टीव्हीसमोर कुणी कुठे बसायचं ते मी ठरवलंय, आत्या मधोमध, म्हणजे तिला दोन्हीकडे झुकता येईल. परवा तिचा फोन आला होता. जुन्या गेममध्ये कुरणातल्या ट्रॅकवर गाई मधेच आडव्या यायच्या, त्यांना धडकून ती कितीदा तरी गिरकी खायची. नव्या गेममध्ये त्यातलीच एक गाय स्वतः गाडी चालवते, हे भाच्याने तिला सांगितलंय.

‘अगं, खरंच का?’ तिने विचारलं.

‘खरंच, आत्या.’

‘मग बारसेला मला तीच दे. तिची पूजा झाली की बसते.’