नवा गडी, नवे राज्य

लहानपणी गल्लीत लपाछपीचा खेळ ऐन रंगात आलेला असताना एखादे पोर उशिरा येई आणि "मला पण घ्या" म्हणून उभे राही. त्याला कुणी नाही म्हणत नसे. पण सगळी पोरे एका सुरात ओरडत, "नवा गडी, नवं राज्य!" म्हणजे त्याने आल्या आल्या राज्य घ्यायचे. खांबाला डोके टेकून शंभरापर्यंत आकडे मोजायचे आणि मग जुन्या, मुरलेल्या गड्यांना शोधत उन्हातान्हात हिंडायचे. पुढे मोठ्या माणसांच्या तोंडी हीच म्हण ऐकली ती निराळ्या अर्थाने. नवा साहेब आला की त्याचे नवे हुकूम आणि नवा कारभार, हा तो अर्थ. पोरांच्या अर्थात नव्याने सोसायचे असते, मोठ्यांच्या अर्थात नव्याने मिरवायचे असते. या दोहोंमधले अंतर मला कळले ते फुटबॉलच्या एका मोसमात.

परगावाहून आपल्या कॉलेजात आलेल्या मैत्रिणींना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ माणूस निवडत नाही. तो आडनावासारखा जन्माबरोबर मिळतो. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींचेच इथे फुटबॉलचे संघ झाले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकून बाहेरच्या माणसाला लाल मातीचा आखाडा आठवेल, आम्हांला शाहू स्टेडियम आठवते. ज्या पेठेत घर त्या पेठेचा संघ आपला, आणि समोरच्या पेठेत आत्या दिलेली असली तरी सामन्याच्या दिवशी ती परकी!

माझे बाबा आमच्या तालमीचे गोली होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी आहे. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माणसाची करंगळी वाकडी दिसली की लोक यंत्राला दोष देतात. बाबा मात्र अभिमानाने सांगतात, "पेनल्टी अडवली व्हती." त्यांना कुणी शिकवले नव्हते. आधीचा गोली कसा उडी मारतो ते खांबामागे उभे राहून पाहायचे, एवढेच त्यांचे शिक्षण. माझा दादा मात्र डाव्या बगलेवरून धावणारा निघाला. सोळाव्या वर्षीच तो तालमीच्या मोठ्या संघात खेळू लागला आणि आमच्या घराला पेठेत पुन्हा एकदा मान मिळाला.

२०१४ साली मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी जुलैत टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली होती, आणि दिवाळीच्या तोंडावर फुटबॉलची नवी लीग येणार म्हणून जाहिरातींचा धुरळा उडाला होता. इंडियन सुपर लीग! आठ शहरांचे आठ संघ, मालकांत क्रिकेटपटू आणि सिनेनट. सचिन तेंडुलकर केरळच्या संघात भागीदार, सौरव गांगुली कोलकात्याच्या, रणबीर कपूर मुंबईच्या. दादाने मला एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, "सगळ्या मॅचचे आकडे तू लिहायचेस." मी ते काम शाळेच्या गृहपाठापेक्षा मन लावून केले. साखळीचे छप्पन्न, उपान्त्य फेरीचे चार आणि एक अंतिम, असे एकसष्ट सामने त्या वहीत आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पहिला सामना झाला. कोलकात्याने मुंबईला तीन-शून्य हरवले. इथिओपियाच्या फिक्रूने लीगचा पहिला गोल केला आणि आनंदाने हवेत कोलांटउडी मारली. दादा खुर्चीवरून उठून नाचू लागला. बाबा भिंतीला टेकून शांतपणे शेंगा फोडत होते.

"काय झालं बाबा? आवडलं न्हाई व्हय?"

"गावांची नावं भाड्यानं घेतल्यात ह्यांनी," बाबा म्हणाले. "आणि हा काय पहिला नवा गडी न्हवं."

त्यात तथ्य होते. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग निघाली, तेव्हाही आता देशाचा फुटबॉल बदलणार असे म्हटले गेले. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीला मिळाले. तो संघ २०११ मध्ये बंद झाला. २००७ साली जुनी लीग मोडून आय-लीग आली. तिच्या पहिल्याच वर्षी गोव्याचा धेंपो जिंकला. मुंबईचा महिंद्र युनायटेड, ज्याचे सामने बाबांनी कूपरेजवर जाऊन पाहिले होते, तो २०१० मध्ये संपला. आणि आता हा तिसरा गडी. २०१० च्या डिसेंबरात फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींचा करार केला, त्यातून ही लीग जन्मली. आधीच्या दोन लीगांमध्ये कुठल्याही गावचा क्लब खालून वर चढू शकत होता, शेवटचा आलेला खाली जात होता. इथे तसे काहीच नव्हते. पैसे भरून आत आलेल्याला बाहेर काढायचे नाही आणि बाहेरच्याला खेळून आत यायचे नाही. बाबांच्या भाषेत सांगायचे तर, "पेठ जिंकून कुणी ह्यात जाणार न्हाई."

त्यांचा दुसरा आक्षेप पाहुण्यांवर होता. मैदानावर अकरांत किमान पाच भारतीय असावेत असा तेव्हाचा नियम. बाबा म्हणत, "घरचं पाच आणि पाव्हणं सहा. खाटा पाव्हण्यांनीच अडवल्या तर घरच्यांनी झोपायचं कुठं?" शिवाय ते पाहुणेही बहुतेक उतारवयातले. निवृत्त मामलेदाराने सहकारी बँकेत सल्लागार व्हावे तसा त्यांचा थाट.

पण गंमत अशी, की एके दिवशी पुण्याच्या संघाच्या पोशाखात त्रेझेगे दिसला आणि बाबांच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. २००६ चा विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी तालमीत बसून पाहिला होता. बर्लिनमध्ये इटली आणि फ्रान्स एक-एक बरोबरीत राहिले, मग पेनल्टी. फ्रान्सच्या याच त्रेझेगेचा फटका आडव्या खांबाला लागून परत आला आणि विश्वचषक इटलीकडे गेला. त्या सामन्यात झिदानने ज्याच्या छातीवर डोके आपटले तो मातेरात्सी आता चेन्नईचा खेळाडू आणि प्रशिक्षक होता, आणि त्याच रात्री पेनल्टी साधणारा देल पिएरो दिल्लीकडून खेळत होता. "बर्लिनचा माणूस बालेवाडीत!" बाबा पुटपुटले. त्या दिवसापासून ते सात वाजता घरी येऊ लागले, आणि आवडत नसलेली लीग रोज पाहू लागले.

१८ ऑक्टोबरला मुंबई आणि पुणे समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी विधानसभेचा निकाल होता, त्यामुळे गल्लीत एरवी त्याचीच चर्चा. मुंबईने पुण्याला पाच-शून्य धुतले. आंद्रे मोरित्झने तीन गोल केले, लीगमधली ती पहिली हॅट्‌ट्रिक. पुढे मुंबई आणि पुणे दोघेही उपान्त्य फेरीबाहेरच राहिले. २० डिसेंबरला नवी मुंबईत कोलकाता आणि केरळ यांचा अंतिम सामना गोलशून्य जाणार असे वाटत असताना जादा वेळेत कोपऱ्यावरून चेंडू आला आणि मोहम्मद रफीक या बदली आलेल्या बंगाली मुलाने डोक्याने तो जाळ्यात घातला. एवढे मोठमोठे पाहुणे आणि शेवटचा गोल घरच्या पोराचा! बाबा काही बोलले नाहीत. पण दादाकडे त्यांनी पाहिले ते मी पाहिले.

त्या मोसमाचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी लक्षात ठेवला नाही. १७ जानेवारी २०१५ ला आय-लीग सुरू झाली, अकरा संघांची. तेच मैदान, तोच चेंडू, पण नट नाहीत की रोषणाई नाही. पुण्यात बालेवाडीच्या एका मैदानावर त्या मोसमात तीन व्यावसायिक संघ घरचे सामने खेळले, एक नव्या लीगचा आणि दोन आय-लीगचे. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला धेंपो त्या वर्षी खाली गेला. आणि ३१ मेला बंगळूरमध्ये, सामना संपायला तीन मिनिटे असताना, बेलो रझाकने बरोबरीचा गोल केला आणि मोहन बागानने तेरा वर्षांनी लीग जिंकली. वहीत ही ओळ मी लाल शाईने लिहिली आहे. मात्र ती लिहिताना दादा घरी नव्हता.

त्याचे असे झाले. एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या एका फुटबॉल अकादमीने निवड चाचणी ठेवली. नव्या लीगला पोरे लागतील या हिशेबाने तेव्हा अशा अकादम्या निघत होत्या. राहणे, खाणे, शिक्षण सगळे मोफत. चाचणीचा दिवस आणि आमच्या तालमीच्या एका स्पर्धेचा अंतिम सामना एकाच तारखेला आले. दादाने बाबांना विचारले नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होते. आदल्या रात्री त्याने मला माडीवर बोलावून सांगितले, "उद्या पहाटेच्या गाडीनं चाललोय. दुपारपर्यंत कुणाला बोलू नको."

मी बोलले नाही. सकाळी बाबांनी त्याचे बूट जागेवर नाहीत ते पाहिले आणि "लवकर सरावाला गेला वाटतं" म्हणून स्वतःशीच खूश झाले. तेव्हाही मी बोलले नाही. दुपारी तालमीची माणसे दारात आली. आमचा संघ दोन-शून्य हरला. संध्याकाळी दादाचा फोन आला, "माझी निवड झाली." बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि ते देवळात जाऊन बसले. पेठेत त्यांना कित्येक दिवस मान खाली घालून चालावे लागले. दादाशी ते पुढे कितीतरी महिने बोलले नाहीत. माझ्या वहीत त्या सामन्याची तारीख आहे, आकडे नाहीत. तेवढे लिहायला माझा हात धजला नाही.

दीड वर्षाने ती अकादमी बंद पडली. कुणी फसवले नाही, कुणी पळून गेले नाही. पैसे येईनासे झाले, एवढेच. दादा एक पिशवी घेऊन घरी आला. मला वाटले, आता बाबा म्हणणार, 'मी सांगितलं होतं!' ते तसे काही म्हणाले नाहीत. संध्याकाळी स्वच्छ सदरा घालून ते एकटेच तालमीत गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी आजवर सांगितलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी दादाला सरावाला बोलावणे आले.

पुढचे बरेचसे बाबांच्या अंदाजाप्रमाणे झाले आणि काही त्यांच्या विरुद्धही झाले. बालेवाडीवरच्या त्या तीन संघांपैकी आज एकही उरलेला नाही. नव्या लीगमधला पुण्याचा संघ २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पण मैदानावरच्या भारतीयांची किमान संख्या २०१७ मध्ये सहा झाली आणि २०२१ मध्ये सात. म्हणजे खाटांबद्दलचे बाबांचे म्हणणे कुणीतरी ऐकले! २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा संघ खेळाच्या बळावर वर गेला, तेव्हा 'बाहेरच्याला आत यायचे नाही' हेही खोटे ठरले.

दादा आता दिवसा उद्यमनगरात काम करतो आणि संध्याकाळी पेठेतल्या लहान पोरांना शिकवतो. त्याचे वाईट झाले असे मला पूर्वी वाटे. एकदा मी त्याला तसे बोलून दाखवले. तो म्हणाला, "तिथं रोज एक माणूस माझं नाव वहीत लिहायचा. किती पळालो, किती वजन, काय चुकलं. माझी चूक कुणी लिहून ठेवावी इतका मी कधी महत्त्वाचा न्हवतो." नव्या गड्याने घेतलेले राज्य हेच असावे. फळ दुसऱ्याला मिळाले असेल, पण आकडे मोजून झाले होते.

गेल्या पावसाळ्यात एक संध्याकाळ अशी आली. बाबा अंगणात बसले होते. पाऊस थांबला होता. एकाएकी त्यांनी विचारले, "तिथं गोलीला निराळा मास्तर असायचा का रं?"

"असायचा की."

"काय शिकवायचा?"

दादा उठला. त्याने बाबांना उभे केले, गुडघे किती वाकवायचे, वजन टाचेवर न ठेवता चवड्यावर कसे ठेवायचे, चेंडू सुटण्याआधी अर्धे पाऊल कुठे टाकायचे ते दाखवले. साठीला टेकलेले बाबा ओल्या फरशीवर दोन्ही हात पसरून उभे होते, वाकडी करंगळी बाहेर काढून. बराच वेळ ते अर्धे पाऊल टाकून पाहत होते. मग म्हणाले, "हे तवा कुणी सांगितलं असतं तर..." आणि आत निघून गेले.

त्या पहाटेचे मला सगळे ठाऊक होते, ही गोष्ट मात्र मी बाबांना आजवर सांगितलेली नाही. दादानेही माझे नाव कधी घेतले नाही. आपले वार्षिक घरी आले की बाबा चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातीदेखील सोडत नाहीत. तेव्हा या पानावर ते येतीलच. दोन-शून्य हा आकडा मी काल रात्री वहीत लिहिला आहे.