राजीनामा देण्याआधी

चि. सोनू हिस,


तुझं पत्र मिळालं. प्रार्थनागटात प्रकटीकरणाचं पुस्तक वाचायला घेतल्यापासून वॉर्डातल्या कामात तुझं मन लागत नाही. प्रभूचं येणं जवळ आलं असताना सलाईन लावण्यात आणि चार्ट भरण्यात दिवस कशाला घालवायचे, असं तू विचारतेस. नोकरी सोडून सगळा वेळ प्रार्थनेला द्यावा, असं गटातल्या काहींनी तुला सुचवलंय. फोनवर हे नीट बोलून झालं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तुझी ओढ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. प्रभू येणार, मेलेले उठणार, तो प्रत्येक डोळ्यातलं पाणी पुसणार, हे मीही मानते. तू हे मनापासून मानतेस याचा आनंदच आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे.

तुझ्यासारखाच प्रश्न थेस्सलनीकाच्या मंडळीपुढे होता. पौल तिथे फार दिवस राहू शकला नव्हता. विरोध पेटला आणि रातोरात त्याला निघावं लागलं. मागे राहिलेली माणसं नवीन, छळ सोसणारी आणि प्रभूच्या येण्याकडे डोळे लावून बसलेली. त्यांच्यातल्या काहींनी कामधंदा सोडला आणि ते इतरांच्या जिवावर राहू लागले. पौलाने त्यांना फार कडक शब्दांत लिहिलं. काम करायला तयार नाही त्याने जेवायलाही बसू नये, इतकं स्पष्ट. आणि हे लिहिणारा कोण? प्रभू स्वर्गातून उतरेल, तुतारी वाजेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, हे त्याच मंडळीला कळवणारा माणूस. त्याची आशा त्या लोकांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. पण कोणावर भार नको म्हणून तो रात्रंदिवस हाताने कष्ट करत होता. तंबू करणं हा त्याचा धंदा होता.

आणखी एक गोष्ट उघडून बघ. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आपण प्रेतविधीच्या वेळी वाचतो. पुनरुत्थानावर त्याहून मोठं लिखाण पवित्र शास्त्रात नाही. मरणाला त्यात उघड आव्हान दिलंय. पण अध्याय संपतो तो प्रभूच्या कामात खंबीर राहा, तुमचे श्रम फुकट जात नाहीत, असं सांगून. आणि सोळाव्याची सुरुवात कशाने? यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी गोळा करायच्या वर्गणीने! आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको, इतका बारीक तपशील. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतर पडले. पौलाने हे सगळं एका दमात सांगितलंय. शेवटच्या तुतारीनंतर लगेच पैशाचा हिशेब. आपण हे दोन अध्याय वेगवेगळ्या रविवारी वाचतो, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

यावर तुझ्या गटातलं कुणी म्हणेल, पौल प्रेषित होता, त्याची गोष्ट वेगळी. मग आपल्याच भागातली पंडिता रमाबाई घे.

तरुण वयात दुष्काळाने तिचे आईवडील नेले, मोठी बहीण नेली. ती आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. इतकी मरणं पाहिलेल्या बाईने डोळे कायमचे वर लावले असते, तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. पण 1897 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ती तिकडे गेली आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आली. केडगावच्या माळावर 'मुक्ती' ही संस्था उभी केली, विहिरी खणल्या, शेती केली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती आणखी वाढली. मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. आंधळ्या मुलींना तिची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवायची. आणि 1905 मध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं तेही याच मुक्तीत! मुली तास न् तास रडून प्रार्थना करायच्या. तुमच्या गटाला हवी असलेली प्रार्थना हीच ना? ती विहिरीच्या आणि चुलीच्या आवारात झाली. प्रार्थना उतरली म्हणून रमाबाईने शेत विकलं नाही की छापखाना बंद केला नाही.

तिची शेवटची वर्षं मला सगळ्यांत जास्त शिकवतात. हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायचं, कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं, हे काम तिने हाती घेतलं होतं. मुक्तीतल्या मुलीच टाइप जुळवायच्या. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आणि पुढे संस्था जिच्या हाती द्यायची तीच. ऐकू येणं आधीच फार कमी झालेलं. तरी रमाबाईने काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला ती गेली. मनोरमा कुठे आहे आणि आपण कुठे चाललोय, याची तिला खात्री होती. म्हणूनच मधले महिने तिला कागदांवर वाकून काढता आले, असं मला ठामपणे वाटतं. जिला पुढचं काही दिसत नाही, ती अशा घावानंतर उठत नाही.

म्हणूनच दुसऱ्या बाजूच्या माणसांशीही माझं जमत नाही. आपल्याच मंडळ्यांत अशी आहेत: शाळा, दवाखाना, बचत गट सगळं मनापासून करतात, पण स्वर्गाचं नाव काढायला लाजतात. ती चांगली माणसं आहेत. पण तुझ्या वॉर्डात एखादं मूल हातचं जातं, सगळं करूनही जातं, तेव्हा त्या आईजवळ बसून ती काय बोलणार? कामाचं फळ डोळ्यांनी दिसलंच पाहिजे, असं धरून बसलं की माणूस लवकर कडवट होतो. तू दोन्हींत आहेस: रात्रभर झटायचं, आणि सकाळी पलंग रिकामा झाला तरी सगळं संपलं नाही हे मनात धरून दुसऱ्या पलंगाकडे वळायचं. हे ज्याला जमतं तोच त्या कामात वर्षानुवर्षं टिकतो.

कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवटच होतं. पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. काम अर्धं ठेवून जाणं आपल्या लोकांना नवीन नाही. शेवट ज्याच्या हाती आहे त्याच्यावर विश्वास असला, की अर्धं काम हाती घ्यायचीही भीती वाटत नाही.

तुझ्या मनातली ओढाताण पौलालाही होती. कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिताना तो कबूल करतो की निघून ख्रिस्ताजवळ जाणं हे फार बरं, पण तुमच्यासाठी मी राहणं जास्त गरजेचं आहे. त्याने जाण्याची इच्छा लपवली नाही आणि राहण्याबद्दल कुरकूर केली नाही.

राजीनामा लिहून ठेवला असलास तर तो देऊ नकोस. गटही सोडू नकोस. उलट पुढच्या बैठकीत थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, आणि मग कोण काय म्हणतं ते मला कळव.

तुझी,
आत्या