भूत आणि घागर

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती उस्मानाबाद जिल्ह्यात आणि दुसऱ्यांदा पाहतोय ती धाराशिव जिल्ह्यात. मधल्या काळात मी घर बदललेलं नाही. कळंबचं तेच घर, भिंतीचे पोपडेही तेच. 2023 साली बदललं ते जिल्ह्याचं नाव.

भुतांच्या बाबतीत माझा नियम बँकेचा आहे: सही जुळल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मात्र विश्वास नसला की भीती वाटत नाही, हे ज्यानं कुणी सांगितलं तो रात्री एकटा परसात गेलेला नसावा.

2016 च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. वेळ रात्री साडेदहाची. अण्णा नाईक वारतात, सगळं कुटुंब कोकणातल्या वाड्यात जमतं आणि मग त्या वाड्यात काही सुखानं घडत नाही. चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातलं. कोकणची बदनामी होते म्हणून तिकडे आरडाओरडाही झाला होता. आमच्याकडे त्या वर्षी बदनाम होण्याइतकंही काही शिल्लक नव्हतं. कळंबला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलच्या 12 तारखेला शेजारच्या लातूरला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी चक्क आगगाडीनं आलं.

अशा दिवसांत आमचं अख्खं घर साडेदहाला टीव्हीपुढं बसे. मी जीव मुठीत धरून, बायको माझ्याकडे बघून हसू दाबत आणि आई वेगळ्याच चिंतेत. पडद्यावर भयाण संगीत सुरू झालं, दार करकरलं, की ती हमखास बोलायची.

"आरं, एवढी झाडं, एवढं मोठं घर, आन् पाणी कोण भरतंय? एकदाबी दावलं न्हाई."

मी म्हणायचो, "आई, गप बस ना. आता भूत येईल."

"येऊ दे की. त्याला म्हनावं हिकडं ये, दोन घागरी आणून टाक."

आता सांगा, यापुढे कुठल्या भुताची काय प्रतिष्ठा राहणार? दिग्दर्शकानं महिनाभर खपून उभी केलेली भीती माझी आई एका घागरीत बुडवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखातलं भूत तिला मुळातच सुखवस्तू वाटे.

दुसऱ्यांदा पाहताना एक कळलं, की दचकण्याच्या जागा ठरलेल्या असतात. आधी वाजतं, मग कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो आणि शेवटी दाराआडून घरातलंच कुणीतरी येतं. पांडू मात्र अजून तितकाच आवडतो. प्रल्हाद कुडतरकरांचं ते 'इसारलंय' आमच्या शाखेत अजून चलनात आहे. हप्ता थकलेले निम्मे कर्जदार तोच शब्द तोंडावर आणून उभे राहतात, फक्त मालवणीत बोलत नाहीत. आणि अण्णा! 2016 साली वारलेला माणूस 2019 च्या जानेवारीत दुसऱ्या भागात ठणठणीत हजर, वर शेवंताच्या मागे. गोष्ट मागच्या काळातली होती म्हणे. आमच्याकडे पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. अण्णांचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी रजाच टाकली असती.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. त्या उन्हाळ्यात टँकरला वेळ नव्हती. कधी पहाटे, कधी दुपारी, आणि बरेचदा नेमका पावणेअकराला, मालिका ऐन रंगात असताना. चौकात हॉर्न वाजला की सगळी गल्ली अंधारात धावायची. घागरी, कळशा, पिंपं, कुणाचा चेहरा दिसत नाही, नुसत्या सावल्या आणि भांड्यांचे आवाज. मालिकेचं नाव आमच्या गल्लीला जास्त शोभलं असतं.

मी उठायचो नाही. त्या अंधारात जायची माझी टाप नव्हती आणि तसं कबूल करायचीही नव्हती. "एवढं संपू दे, आलोच," म्हणायचो. बायको आत रांजण रिकामे करून ठेवायच्या गडबडीत. मग आई पदर खोचून घागर उचलायची. परत आली की धापा टाकत विचारायची, "फुडं काय झालं रं?" मी दोन वाक्यांत उरकायचो, कारण तोवर दुसरं काहीतरी लागलेलं असे.

सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की मांजरा भरलं. ऑक्टोबरात मालिकाही संपली. आई 2021 साली गेली.

परवा मुलीनं मोबाईलवर तीच मालिका काढून दिली. रोज एक भाग पाहतो. मला सगळे भाग आठवतात. कुठे दार वाजतं, कुठे कोण किंचाळतं, सगळं. म्हणजे मी एकही चुकवला नव्हता. आईनं निम्मेच पाहिले असणार.

काल पावणेअकराला कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न वाजला. मी मालिका थांबवली. आता थांबवता येते.

"का थांबवलीत हो?" बायकोनं विचारलं.

"आई येऊ दे," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. उठली आणि अंगणातला दिवा लावून आली.