तहान आधी की लघवी?

पुतण्या सात वर्षांचा. कधीचा कोरडा झोपणारा, अचानक पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला. घरात निदान तयार: उन्हाळा, पाणी फार पितो. खरं गणित उलटं. इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर चढते, साधारण १८० मिग्रॅ/डेसिलीटर ओलांडली की लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. तहान मागाहून. चड्डी कमरेवरून घसरत होती, तर आई म्हणे, उंची वाढतेय!

मग उलट्या, पोटदुखी, आणि तो श्वास. छातीत घरघर नाही, पण खोल, भराभर, धावून आल्यासारखा. तोंडाला पिकल्या फळाचा वास. पोट बिघडलंय म्हणून इथेच दिवस वाया जातात. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला असता तरी पुरे होतं. अशी लक्षणं असताना साखर २०० किंवा वर म्हणजे मधुमेहच.

हे वेळीच ओळखता यावं म्हणून इटलीत पार्मा इथे शाळांतून अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची पोस्टरं लावली, तर अत्यवस्थ होऊन दाखल होणारी मुलं पुष्कळ कमी झाली.

शेजारच्या काकू अजून चॉकलेटलाच दोष देतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पुतण्याच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या, हे त्यांना पटत नाही.