आईची गोधडी आणि ड्रोन

उत्तरायणाला आठवडा राहिला होता. कतारगामच्या आमच्या गच्चीवर पोराने नवा ड्रोन उडवला. तो उडाला तो हळूहळू बाजूला सरकत थेट पाण्याच्या टाकीवर आदळला. एक पातं मोडलं. "कशातच धीर नाही तुला," मी खेकसलो. दहावीच्या वर्षाचा साठलेला राग ड्रोनच्या निमित्ताने निघाला, दुसरं काय! तो गप्प बसला. सकाळी पातं बदलून मी स्वतः उडवला. पुन्हा टाकी.

मग बापलेक दोघेही शोधायला बसलो. माशीला दोनच पंख असतात, हे मला तेव्हा कळलं. मागच्या दोन पंखांच्या जागी टाचणीसारख्या दोन बारीक गाठी असतात, त्यांना संतोलक म्हणतात. पंखांबरोबर तेही भरभर वरखाली हलतात. माशी वळली की त्यांच्या मुळाशी ताण येतो आणि आपण किती वळलो हे तिला समजतं. संतोलक काढले तर तिला धड उडता येत नाही. ड्रोनमधल्या जायरोस्कोपचं तत्त्व तेच: सिलिकॉनचा थरथरणारा इवलासा तुकडा. "तुमच्या मोबाइलमध्येपण आहे," पोरगा म्हणाला, माझ्याकडे न बघता.

पण त्याला कळतं ते वळणं. वाऱ्याने बाजूला वाहत जाणं कळायला डोळा लागतो. बंगळुरूत शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी मधमाश्यांवर प्रयोग केले. अरुंद बोळातून जाताना मधमाशी दोन्ही भिंती सारख्याच वेगाने मागे सरकताना दिसतील अशी मधोमध उडते. उतरतानाही जमीन किती वेगाने सरकते यावरच ती आपला वेग आवरते. आमच्या ड्रोनच्या पोटालाही असाच एक छोटा कॅमेरा आहे, खाली बघणारा.

"पप्पा, पण खाली बघायला आहे काय?"

खरंच की. घर तापू नये म्हणून गच्चीला पांढरा रंग दिलेला. एक रेघ नाही, डाग नाही.

आई अमळनेरहून आणलेली गोधडी उन्हात घालायला वर आली होती. जुन्या लुगड्यांची, रंगीबेरंगी तुकड्यांची. पोराने ती खाली पसरली. ड्रोन कमरेइतका वर गेला आणि तिथेच थांबला. वाऱ्याने हलायचा, पुन्हा जागेवर यायचा.

"गोधडीवर पाडू नको रे," आई म्हणाली.

पोराने रिमोट माझ्या हातात दिला. मी घाईने दांडा ढकलला.

"हळू, पप्पा. धीर धरा."

कालचं चुकलं माझं, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. ते रात्री जेवताना म्हणालो.